उलट्या-जुलाबात लहान मुलाची साखर उतरते तेव्हा: घरी काय पाहायचं, दवाखान्यात काय विचारायचं

लहान मुलाला उलट्या-जुलाब सुरू झाले की घरातले सगळे पाण्याच्या मागे लागतात. ते योग्यच आहे, कारण शोष पडणं हा मोठा धोका आहे. पण पाण्याबरोबर आणखी एक गोष्ट आतल्या आत संपत असते आणि तिच्याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. ती म्हणजे रक्तातली साखर. आमच्या मुलीची साखर अशाच एका आजारपणात उतरली. त्या निमित्ताने बालरोगतज्ज्ञांकडून आणि परिचारिकांकडून जे शिकायला मिळालं, ते इथे क्रमाने मांडते आहे. ज्यांचं मूल साधारण सहा महिने ते पाच वर्षांचं आहे आणि ज्यांना हे सगळं नवीन आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

त्याआधी एक सूचना. मूल हाक मारूनही डोळे उघडत नसेल, अंग लुळं पडलं असेल किंवा झटके येत असतील तर पुढचं वाचत बसू नका. आपत्कालीन मदत बोलवा, किंवा मुलाला उचला आणि जवळचा दवाखाना गाठा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला उलट्या-जुलाब होत असतील तरी घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांकडेच जा.

१. साखर का उतरते, हे आधी समजून घ्या

आपण खात नसतो तेव्हा यकृत स्वतःजवळचा साखरेचा साठा थोडा थोडा रक्तात सोडत राहतं. या साठ्याला ग्लायकोजेन म्हणतात. मोठ्या माणसाला तो जवळजवळ दिवसभर पुरतो. लहान मुलाचं यकृत छोटं आणि शरीराच्या मानाने मेंदू मोठा. मेंदूला साखर सतत लागते. त्यामुळे वजनाच्या हिशेबाने लहान मूल मोठ्या माणसाच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त साखर वापरतं. दर मिनिटाला दर किलोमागे सुमारे ५ मिलिग्रॅम, असा ढोबळ आकडा धरा. म्हणजे १० किलोच्या मुलाला तासाला जवळपास ३ ग्रॅम साखर लागते, झोपेतसुद्धा.

आता त्यात आजारपण आलं. मूल खात नाही, पोटात गेलेलं उलटून पडतं, ताप असेल तर खर्च आणखी वाढतो. साठा संपत आला की शरीर चरबी जाळायला लागतं आणि त्यातून केटोन तयार होतात. केटोन मेंदूला थोडाफार आधार देतात, पण त्यांनी मळमळ वाढते. मळमळ वाढली की मूल आणखी खात नाही, आणखी ओकतं, आणि केटोन आणखी वाढतात. या चक्रात अडकलेल्या मुलाच्या श्वासाला कधी कधी पिकलेल्या फळासारखा किंवा नखांच्या रंगाच्या रिमूव्हरसारखा वास येतो.

सगळ्याच मुलांची साखर उतरत नाही. धोका जास्त कोणाला? वजन कमी असलेल्या, कुपोषित, वेळेआधी जन्मलेल्या किंवा जन्मतः फार लहान असलेल्या मुलांना, आणि ज्यांच्या बाबतीत हे आधी घडलं आहे त्यांना. काही मुलांना उपाशी राहिल्यावर साखर उतरण्याची प्रवृत्तीच असते. ती बहुधा दीड ते पाच वर्षांच्या दरम्यान दिसते, अशी मुलं बऱ्याचदा सडपातळ असतात, आणि आठ-नऊ वर्षांपर्यंत ती आपोआप जाते. जुलाबापेक्षा उलट्या जास्त असलेल्या आजारात अधिक जपा, कारण तिथे पोटात काही टिकतच नाही.

सगळ्यात नाजूक वेळ पहाटेची. संध्याकाळपासून ओकणारं मूल न खाता झोपतं, घरच्यांना वाटतं की बरं झालं, जरा शांत झोपलं. पहाटेपर्यंत पोटात काहीच नसताना बारा-बारा तास होऊन गेलेले असतात.

२. हाताशी काय ठेवायचं

हे आजारपण येण्याआधीच घरात असावं:

- ओआरएसची पाकिटं, किमान चार-पाच, मुदत तपासलेली
- पाणी मोजायचं भांडं, ज्यावर मिलिलिटरच्या खुणा आहेत
- ५ किंवा १० मिलिलिटरची, सुई नसलेली सिरिंज
- साधी साखर आणि एक ठरावीक छोटा चमचा
- तापमापक
- वही आणि पेन
- मुलाचं अलीकडचं वजन लिहिलेला कागद, लसीकरणाचं कार्ड, चालू औषधांची यादी, आधीच्या आजारपणाची कागदपत्रं

ग्लुकोमीटर, म्हणजे बोटातल्या थेंबभर रक्तावरून साखर मोजायचं यंत्र, प्रत्येक घरात हवाच असं नाही. मुलाची साखर आधी उतरली असेल आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल तर मात्र ठेवा.

३. पहिल्या उलटीपासून वही उघडा

दोन वेळा सगळ्यात महत्त्वाच्या: पोटात टिकलेलं शेवटचं खाणं किंवा दूध कधीचं, आणि शेवटची लघवी कधीची. त्याखाली उलट्या, जुलाब, ताप आणि किती मिलिलिटर पाजलं ते लिहीत जा. रात्रभर जागलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी यातलं काहीही नीट आठवत नाही, आणि डॉक्टर नेमकं हेच विचारतात.

शेवटच्या खाण्याची वेळ का लिहायची? शोष किती पडला याचा अंदाज लघवी, अश्रू, जीभ, डोळे यांवरून येतो. साखरेचा तसा अंदाज बाहेरून येत नाही, येतो तो बराच उशिरा. तोवर आपल्या हातात तासांची मोजणी एवढंच असतं.

४. ओआरएस द्या, पण ते किती साखर देतं हे जाणून

ओआरएसमध्ये साखर चवीसाठी नसते. आतड्याच्या भिंतीतून ग्लुकोज आणि मीठ जोडीने आत जातात आणि त्यांच्यामागे पाणी जातं. म्हणून त्यातलं प्रमाण काटेकोर असतं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या सध्याच्या सूत्रात एका लिटरमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं.

आता हिशेब करा. शोष पडलेल्या मुलाला डॉक्टर साधारणपणे चार तासांत दर किलोमागे ७५ मिलिलिटर ओआरएस द्यायला सांगतात. १० किलोच्या मुलाला ७५० मिलिलिटर. त्यातून सुमारे १० ग्रॅम ग्लुकोज मिळतं, आणि चार तासांची गरज आहे १२ ग्रॅम. म्हणजे सगळं ओआरएस पोटात टिकलं तर तेवढ्या वेळेपुरतं बऱ्यापैकी भागतं. पण मुलाने चार तासांत जेमतेम १०० मिलिलिटर घेतलं असेल तर साखर मिळाली सव्वा ग्रॅमच्या आसपास. “ओआरएस चालू आहे” एवढ्यावर निश्चिंत राहू नका. किती पोटात राहिलं, ते महत्त्वाचं.

पाजण्याची रीत अशी. दर एक-दोन मिनिटांनी ५ मिलिलिटर, सिरिंजने गालाच्या आतल्या बाजूला किंवा चमच्याने. हे कंटाळवाणं आहे, हात भरून येतो, पण दोन मिनिटांना ५ मिलिलिटर म्हणजे तासाला १५० मिलिलिटर होतात. तहानलेलं मूल पेला हिसकावून घटाघट पितं आणि पाच मिनिटांत सगळं ओकून टाकतं, म्हणून पेला हातात देऊ नका. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि आणखी हळू सुरू करा. शोष पडलेला नसेल तर दर जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिलिलिटर आणि त्यापुढच्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर द्या.

अंगावरचं दूध एक वेळही बंद करू नका. वरचं दूधही नेहमीच्याच प्रमाणात कालवा, पातळ करू नका.

इथे हमखास होणाऱ्या चुका:

पाकीट एक लिटरचं असताना ते पेलाभर पाण्यात कालवणं. असं दाट द्रावण मिठाने धोकादायक होतं. पाकिटावर लिहिलेलं पाणी मोजूनच घ्या. लहान पाकीट २०० मिलिलिटरचंही असतं. अंदाजाने अर्धं पाकीट वापरू नका.

ओआरएसमध्ये वरून साखर घालणं. साखर उतरेल या भीतीने हे करावंसं वाटतं, पण जास्त साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढवते. अतिरिक्त साखर द्यायची वेळ आणि पद्धत वेगळी आहे, ती पुढे सांगते.

शीतपेय, पाकिटातला फळांचा रस किंवा खेळाडूंचं पेय हे ओआरएसऐवजी देणं. त्यात साखर भरमसाट आणि मीठ अपुरं असतं. नुसतं पाणी पाजत राहिलं तर दोन्ही नाही.

कालवलेलं ओआरएस २४ तासांनंतर वापरणं. उरलेलं टाकून द्या.

पाकीट मिळतच नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. मीठ मोजताना दोनदा पाहा. मिठाची चूक साखरेच्या चुकीपेक्षा महागात पडते.

५. पोटाला विश्रांती देऊ नका

घरातली वडीलधारी माणसं प्रेमापोटी सांगतात की एक दिवस पोट रिकामं ठेवा, आपोआप थांबेल. लहान मुलाच्या बाबतीत हा सल्ला मानू नका, कितीही आदराने नाही म्हणावं लागलं तरी. उपासाने आतडं लवकर बरं होत नाही आणि साखर मात्र उतरू शकते. उलट्या थोड्या थांबल्या आणि शोष भरून आला, म्हणजे साधारण चार तासांनी, नेहमीचं जेवण थोडं थोडं सुरू करा. दोन घास घेतले तरी चालतील, पण दर दोन-तीन तासांनी विचारा.

रात्रीसाठी वेगळा बेत हवा. झोपण्याआधी पिष्टमय काहीतरी पोटात जाऊ दे. जेवलंच नसेल तर रात्री गजर लावून उठा, मुलाला जागं करून दूध किंवा ओआरएस द्या आणि ते नीट ओळखतं का, बोलतं का, तेही पाहून घ्या. आजारी मुलाची झोप मोडू नये असं आपल्याला वाटतं. या एका आजारात मोडावी.

६. साखर उतरल्याची लक्षणं

सुरुवातीला मूल चिडचिडं होतं, फिकट दिसतं, घाम येतो, हात थरथरतात, पोट किंवा डोकं दुखतं म्हणतं. पुढे ते मलूल होतं, नजर हरवल्यासारखी वाटते, बोलणं अडखळतं, तोल जातो, आवडत्या खेळण्याकडेही पाहत नाही. त्यानंतर गुंगी, झटके आणि बेशुद्धी. तान्ह्या बाळात तर रडणं क्षीण होणं, अंगावर न ओढणं आणि अंग गार पडणं एवढंच दिसू शकतं.

अडचण अशी की यातली अर्धी लक्षणं शोष पडल्यावरही दिसतात. कोरडी जीभ, अश्रू नसणं, खोल गेलेले डोळे, बाळाची दबलेली टाळू, सहा-आठ तास लघवी नसणं, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश खाली बसणं ही शोषाची खास चिन्हं. मलूलपणा दोन्हींत. घरी बसून “हे साखरेमुळे की पाण्यामुळे” हे ठरवायला जाऊ नका, दोन्ही एकत्रही असतात. मुलाचं वागणं बदललं की निघायचं.

“दमलंय, झोपू दे” हे वाक्य मी आता कुठल्याही घरात ऐकलं की आधी मुलाला उठवून पाहायला सांगते. दमलेलं मूल उठवल्यावर कुरकुरतं, तुम्हाला ढकलतं, आणि ते चांगलं लक्षण आहे. साखर उतरलेलं मूल डोळे अर्धवट उघडून परत मिटतं.

७. संशय आला तर त्याच क्षणी काय करायचं

मूल जागं आहे आणि गिळू शकतं: एक भरलेला छोटा चमचा साखर ५० मिलिलिटर पाण्यात विरघळवा आणि घोट घोट, पण न थांबता पाजा. यातून सुमारे ५ ग्रॅम साखर मिळते. ओकत असेल तर सिरिंजने गालात थोडं थोडं सोडा. इथे साखरेचं पाणी औषध म्हणून, एकदा-दोनदा द्यायचं आहे. शोष भरून काढायला ते वापरायचं नाही. दहा-पंधरा मिनिटांत मूल तरतरीत झालं तरी नंतर दूध किंवा काही खायला द्या, नाहीतर साखर परत उतरते. आणि बरं वाटलं तरी डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा. पंधरा मिनिटांत फरक नसेल तर वाट न पाहता दवाखान्यात.

एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नका. त्यातून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. “शुगर फ्री” लिहिलेल्या पेयाचा इथे काहीच उपयोग नाही.

मूल बेशुद्ध आहे, गुंगीत आहे किंवा झटका चालू आहे: तोंडात पाणी, साखर, औषध, चमचा, काहीही घालू नका. ते श्वासनलिकेत जातं. मुलाला कुशीवर वळवा, तोंडातली उलटी बाहेर येऊ द्या आणि मदत बोलवा. थोडी ओली साखर जिभेखाली ठेवण्याची एक पद्धत आरोग्य कर्मचारी वापरतात. त्यांनी समोरून किंवा फोनवर सांगितलं तरच ती करा.

एक अपवाद सगळ्यांनी लक्षात ठेवावा. मूल ओकतंय, शोष पडलाय, तरी लघवी मात्र भरपूर होते, तहान भागत नाही, श्वास खोल आणि जोरात चाललाय, गेल्या काही दिवसांत वजन उतरलंय. ही लक्षणं मधुमेहाची असू शकतात आणि तिथे साखर वाढलेली असते. फळासारखा वास याही मुलांना येतो. अशा वेळी साखर न पाजता थेट दवाखान्यात जा आणि आधी रक्तातली साखर मोजायला सांगा.

८. ग्लुकोमीटर असेल तर

आधी मुलाचं बोट साबणाने धुऊन कोरडं करा. ओआरएस किंवा साखर बोटाला लागलेली असेल तर आकडा खोटा चढा येतो आणि आपण फसतो. हात गार असतील तर चोळून गरम करा. पट्ट्यांची मुदत पाहा.

जागतिक आरोग्य संघटना सुदृढ मुलात ४५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आणि तीव्र कुपोषित मुलात ५४ च्या खाली आकडा आला की साखर उतरली असं धरते. बरेच डॉक्टर त्याच्या आधीच, ६० ते ७० च्या घरात सावध होतात, आणि घरी तुम्हीही तसंच करा. कारण घरगुती यंत्राच्या मानकानुसार १०० च्या खालच्या आकड्यात १५ पर्यंत फरक चालतो. यंत्रावरचे ६० म्हणजे खरे ४५ असू शकतात. यंत्र मिलिमोलमध्ये आकडा दाखवत असेल तर त्याला १८ ने गुणा. आकडा २०० च्या पुढे गेला तर तोही तातडीचा निरोप समजा.

आकडा चांगला आहे पण मूल मलूल आहे, तर मुलावर विश्वास ठेवा, यंत्रावर नाही.

९. दवाखान्यात काय सांगायचं, काय विचारायचं

दारातच सांगा: “पोटात टिकलेलं शेवटचं खाणं इतक्या वाजता, शेवटची लघवी इतक्या वाजता, मूल नेहमीसारखं नाही. रक्तातली साखर मोजाल का?” गर्दीच्या वेळी शोषाकडे सगळ्यांचं लक्ष जातं, साखर मोजायची राहू शकते. बोटाच्या टोचणीने मिनिटभरात उत्तर मिळतं, म्हणून विचारायला संकोच नको.

चालू औषधं आवर्जून सांगा. अंगावरच्या लाल रक्तवाहिन्यांच्या गाठीसाठी बाळाला प्रोप्रॅनोलॉल चालू असेल तर ते औषध साखर उतरवतं, आणि बाळ खात-पीत नसताना ते थांबवावं लागतं. त्यासाठी आजारपणाच्या पहिल्याच तासांत डॉक्टरांना फोन करा. दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्या मुलांचा डोस उलटीच्या आजारात वाढवावा लागतो. घरात कोणाच्या मधुमेहाच्या गोळ्या आहेत आणि त्यातली एखादी मुलाच्या हाती लागली असण्याची शक्यता आहे, तर तेही लपवू नका.

आता सलाईनबद्दल. साध्या सलाईनमध्ये मीठ आणि पाणी असतं, साखर नसते. रिंगर लॅक्टेट या दुसऱ्या नेहमीच्या सलाईनमध्येही ग्लुकोज नसतं. सुरुवातीला शोष वेगाने भरून काढायला हेच द्रव दिले जातात आणि ते बरोबर आहे. साखर उतरलेली असेल तर शिरेतून १० टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोजचं द्रावण, वेगळं देतात आणि पुढच्या बाटलीत ग्लुकोज मिसळतात. तुम्ही नम्रपणे एवढंच विचारा: “या बाटलीत ग्लुकोज आहे का, आणि साखर परत कधी मोजणार?” साखर एकदा वर आली तरी पुन्हा घसरू शकते, म्हणून दुसरी मोजणी महत्त्वाची.

साखर फारच उतरलेली आढळली तर डॉक्टर उपचाराआधी थोडं जास्त रक्त घेऊ शकतात. केटोन आणि काही संप्रेरकांची तपासणी त्याच क्षणाच्या रक्तात सगळ्यात जास्त सांगून जाते. साखर उतरली पण केटोन फारसे नाहीत, असं निघालं तर चरबी जाळण्याच्या यंत्रणेतला जन्मजात दोष किंवा इन्सुलिन जास्त असणं अशी कारणं शोधावी लागतात. तो कागद जपून ठेवा.

उलटी थांबवणारं औषध डॉक्टर एकदा देऊ शकतात. घरच्या घरी मोठ्यांची जुलाब थांबवणारी गोळी लहान मुलाला कधीही देऊ नका, आणि ताप-दुखण्यासाठी ॲस्पिरिनही नाही.

१०. घरी आल्यावर

दोन-तीन दिवस भूक कमी राहील. जुलाब आठवडाभरही चालू राहू शकतात; मूल खेळतंय, पितंय, लघवी होतेय तर घाबरू नका. जस्ताचं (झिंकचं) औषध दिलं असेल तर जुलाब थांबले तरी सांगितलेले दिवस पूर्ण करा. भूक परत आल्यावर काही दिवस एक जेवण जास्त द्या.

आजारपण संपल्यावर एक वेगळी भेट घ्या आणि डॉक्टरांना हे विचारा: पुढच्या तपासण्या लागतील का? पुढच्या वेळी उलट्या सुरू झाल्या तर किती तास वाट पाहायची? रात्री किती वेळ उपाशी चालेल? घरी ग्लुकोमीटर किंवा लघवीतल्या केटोनच्या पट्ट्या ठेवायच्या का? साखर पुन्हा पुन्हा उतरत असेल, थोड्याच तासांच्या उपासाने उतरत असेल, यकृत वाढलेलं असेल किंवा वाढ खुंटली असेल तर अंतःस्रावी ग्रंथींच्या किंवा चयापचयाच्या तज्ज्ञांकडे पाठवायला सांगा.

आणि डॉक्टरांकडून एक पानाचं पत्र लिहून घ्या: मुलाचं वजन, आधी काय झालं होतं, दवाखान्यात आल्या आल्या काय मोजायचं आणि काय द्यायचं. एक प्रत घरात, एक फोनमध्ये फोटो काढून, एक पाळणाघरात किंवा शाळेत आणि एक आजी-आजोबांकडे, म्हणजे मूल ज्यांच्याकडे असेल त्यांना मध्यरात्रीसुद्धा पहिल्यापासून सगळं समजावून सांगावं लागणार नाही.